त्या निबंधातली कांदाभजी कोणी खाल्ली?

पोस्ट मोठी आहे. शिक्षक असाल, पालक असाल, शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर पूर्ण वाचा. आणि रागवायचं असेल तर आधी माझ्यावर रागवा, कारण या पापात माझा वाटा आहे, तो पुढे सांगतोच.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या आणि पहिल्या सत्राचे पेपर पोरांच्या हातात पडले. आमच्या ओळीतली सातवीतली एक पोरगी आपला मराठीचा पेपर घेऊन घरी आली. सोबत मैत्रिणीचा पेपरही मागून आणला होता. दोघींनी एकाच विषयावर निबंध लिहिला होता, 'पावसाळ्यातील एक दिवस'. मैत्रिणीला पाचपैकी साडेचार, हिला दीड. तिने दोन्ही पेपर माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "सर, हिच्यात का आहे जे माह्यात नाही?"

शाळेचं नाव लिहीत नाही. एकाच शाळेची गोष्ट असती तर तिथं जाऊन बोललो असतो, फेसबुकवर कशाला आलो असतो?

साडेचारवाला निबंध तुम्हाला पाठ आहे. मलाही आहे. आभाळात काळेकुट्ट ढग दाटून येतात, विजांचा लखलखाट होतो, मोर पिसारा फुलवतात, धरणीमाता हिरवा शालू नेसते. मग लेखक खिडकीत बसून पावसाची मजा पाहतो आणि आई आतून गरमागरम कांदाभजीची बशी घेऊन येते. शेवटी 'असा हा पावसाळ्यातील एक दिवस माझ्या कायम स्मरणात राहील'.

आता ही मैत्रीण राहते कुठं? लाखांदूर तालुक्यातल्या धानाच्या गावात. तिचे मायबाप दोघंही रोवणीला जातात. जुलैच्या शेवटी आमच्याकडे कोणत्या घरी दिवसा माणूस सापडतो ते दाखवा. सकाळी सातला बाया निघतात, दिवस बुडता परत येतात, कंबर सरळ होत नाही. दुपारी तीन वाजता खिडकीत बसलेल्या लेकीला भजी तळून देणारी ही आई आली कुठून? गाईडमधून आली. पंचवीस वर्षांपासून तीच येते आहे, तीच बशी घेऊन.

आणि दीडवाला निबंध? तो जेमतेम अकरा ओळींचा. शाळेला सुट्टी होती म्हणून पोरगी मायसोबत बांधीवर गेली. पाऊस सुरू झाला तरी काम थांबलं नाही, बायांनी मेनकापड डोक्यावर घेतलं आणि रोवत राहिल्या. संध्याकाळी माय घरी येऊन पाय धुवायला बसली. इथं पोरीनं लिहिलंय की मायच्या पायाले लागलेला चिखल निघाला तसं पहिले पानी काळं गेलं आणि मग लाल गेलं, कारण तिच्या पायाले काचेनं कापलं होतं आणि तिले दिवसभर समजलंच नव्हतं.

'पायाले'वर लाल गोल. 'तिले'वर लाल गोल. 'पानी'वर लाल गोल. 'मेनकापड'वर लाल गोल. खाली शेरा, 'अशुद्ध लेखन. निसर्गवर्णन नाही.'

मंडळी, मी तो शेरा वाचला आणि खरं सांगतो, मला त्या शिक्षकाचा राग नंतर आला, आधी माझीच आठवण झाली. मी स्वतः अकरा वर्षं हा निबंध फळ्यावर लिहून दिला आहे. भज्यांसकट. पोरं उतरवून घ्यायची, मी वही तपासायचो, सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी भजी. चाळीस वह्यांत चाळीस मोर. आणि मला त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही, कारण वह्या छान दिसायच्या आणि अधिकारी आले की शाबासकी मिळायची.

आता मुद्द्यावर येतो. लोक म्हणतात पोरांना निबंध लिहिता येत नाही, त्याचं कारण मोबाईल. मोबाईलनं वाट लावली हे खरंच, पण ती नंतर. पूर्वी गाईड विकत तरी घ्यावं लागायचं, आता यंत्राला विषय सांगितला की चार सेकंदांत मोर नाचतो. पण मुळात आपण वर्णन करायला शिकवलंच कधी? कसं बघायचं, कुठून बघायचं, काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे कोणत्या तासाला सांगितलं? माझ्या मते वर्णन शिकवण्याचं सगळ्यात चांगलं साहित्य पाठ्यपुस्तकात आधीपासून पडलेलं आहे आणि ते म्हणजे कविता. तिचा आपण रसग्रहणाच्या नावानं खून करतो, आणि मग निबंधाच्या तासाला गाईड उघडतो.

कवितेचा तास आपल्याकडे कसा होतो ते आठवा. चाल लावून एकदा म्हणायची. कठीण शब्दांचे अर्थ. मध्यवर्ती कल्पना लिहून द्यायची. दहावीला गेलं की चार गुणांचं रसग्रहण, त्यात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये असे तीन परिच्छेद. ही कृतिपत्रिका दहावीला २०१८-१९ पासून आली तेव्हा उद्देश हाच सांगितला होता की पाठांतर थांबावं, पोरांनी स्वतःच्या मनानं लिहावं. मला तेव्हा खरंच आनंद झाला होता. पण दोन वर्षांत बाजारात तयार रसग्रहणं आली. कवितेचं नाव बदला, कवीचं नाव बदला, बाकी मजकूर तोच. 'कवीने अतिशय साध्या व ओघवत्या भाषेत' हे वाक्य संतकवीलाही चालतं आणि कामगारकवीलाही चालतं.

याच्या उलट करून बघा म्हणून मी मागच्या उन्हाळ्यापासून दर रविवारी समाजमंदिरात पोरं बसवतो. पंधरा-वीस येतात, सहावी ते नववी. पैसे घेत नाही. पहिल्या दिवशी बालकवींची 'औदुंबर' घेतली. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोमरे, खानदेशातल्या धरणगावचा माणूस, १८९० चा जन्म, १९१८ ला गेला, तीस वर्षांचंही आयुष्य नाही. कविता आठ ओळींची आहे. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ती शाळेत म्हटली आहे आणि बहुतेकांना त्यातलं काही दिसलेलं नाही, कारण बघा म्हणून कोणी सांगितलंच नाही.

मी अर्थ सांगितला नाही. दोनदा सावकाश वाचली. पोरांना म्हटलं डोळे मिटा आणि मला एवढंच सांगा की तुम्ही उभे कुठे आहात. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक म्हणाला, "पाण्याजवळ." बरं, तिथून पुढे नजर कुठे जाते? लांब, पलीकडच्या टेकडीकडे, तिथं चार घरांचं गाव. मग अलीकडे शेतं. मग शेतांतून एक वाट. वाट कुठे जाते? एका डोहाकडे. आणि डोहाशी कोण? झाड. म्हणजे नजर जवळून लांब गेली आणि त्या वाटेवरून चालत पुन्हा पाण्याशी आली. मी खडूनं फळ्यावर नकाशा काढत गेलो. मग रंग लिहिले. सुरुवातीला हिरवा आणि निळा, मधे वाट पांढरी, शेवटी काळं पाणी. एक पोरगी म्हणाली, "सर, पहिले उजेड हाय, मंग अंधार होत जाते." तेवढ्यात मागून दुसरा म्हणाला, "सर, याच्यात आवाजच नाही."

मी कविता पुन्हा वाचली. खरंच नाही! झरा आहे पण त्याचा खळखळाट नाही. पाखरू नाही, वारा नाही, माणूस नाही. मी ही कविता सतरा-अठरा वर्षं शिकवली आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. 'उदास' हा शब्द कुठेही न लिहिता त्या माणसानं सगळं आभाळ खाली आणलंय, आणि ते कसं आणलं हे सातवीच्या पोराला वीस मिनिटांत सापडलं. शेवटी एक झाड आहे ते माणूस बसावा तसं बसलंय. वातावरण आधी रचून ठेवलंय आणि पात्र सगळ्यात शेवटी आलंय.

इथं आमच्या पोरांना एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या पोरांपेक्षा लवकर समजते. आम्ही झाडीपट्टीतले. दिवाळी झाली की मंडई, दंडारी, नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. वडसा म्हणजे नाटक कंपन्यांचं माहेरघर. परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, हे आमच्याकडच्या पाच वर्षांच्या पोरालाही माहीत आहे. आईच्या मांडीवर झोपत-उठत का होईना, पहाटेपर्यंत नाटक पाहिलेली ही पोरं आहेत. त्यांना 'वातावरणनिर्मिती' आणि 'व्यक्तिचित्रण' असे शब्द सांगितले तर तोंडं पाडतात. मी म्हटलं, आधी पडदा कोणता लावायचा ते ठरवा, मग पात्राची एन्ट्री ठरवा. रानाचा पडदा की वाड्याचा? दिवस की रात्र? आणि व्हिलन येतो तेव्हा आधी काय ऐकू येतं, त्याची चप्पल की त्याचा खाकरा? झालं. सगळ्यांना एका मिनिटात समजलं. आपल्या हाताशी एवढं मोठं साहित्य असून आपण पोरांना शहरातल्या खिडकीत नेऊन बसवतो!

मग कामाला लावलं. लिहायचं नाही, आधी आखणी करायची. कागदाच्या एका बाजूला जागा ठरवा, आपल्या गावातलीच, जिथं तुम्ही खरंच उभे राहिला आहात. वेळ ठरवा. तिथं पहिल्यांदा काय दिसतं आणि शेवटी काय, तो क्रम लावा. आवाज असेल तर कोणता, वास असेल तर कशाचा. रंग दोन-तीनच घ्या. एक नियम मात्र कडक ठेवला: सुंदर, रम्य, मनमोहक, विलोभनीय हे शब्द वापरायचे नाहीत. पहिले तर पोरं अडून बसली. 'सुंदर' काढून टाकलं तर निसर्गाबद्दल लिहायचं काय, हा त्यांना खरोखरचा प्रश्न पडला होता. एकजण तर म्हणाला, "मंग लिव्याचं का?"

एकानं चुलबंदचा काठ घेतला, ऑगस्ट २०२० च्या पुरातला. घरच्यांकडून ऐकलेलं आणि थोडं स्वतःला आठवणारं. पूर म्हटला की गाईडमध्ये पाणी 'रौद्र रूप' धारण करतं. याच्या आखणीत पहिली नोंद होती, 'शाळेत झोपलो'. दुसरी, 'तिथं सगळ्या गावाच्या कपड्याले एकच वास'.

दुसऱ्यानं घेतली संध्याकाळ, घराचं फाटक, साल २०२२. ते साल आमच्याकडे कोणी विसरत नाही. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत तेरा माणसं मारणारा सीटी-१ वाघ आमच्या बाजूच्या जंगलात फिरत होता, ऑक्टोबरमध्ये तो वडसा वनक्षेत्रात पकडला गेला. तेव्हा हा पोरगा तिसरी-चौथीत. बाप शेतातून यायचा आहे, माय फाटकाशी उभी आहे. मी विचारलं, आवाज कोणता? म्हणाला, "सायकलच्या चैनीचा. बाबाच्या सायकलची चैन वाजते. ते आयकू येईपर्यंत माय बोलत नव्हती." आता सांगा, 'जंगलातील एक थरारक प्रसंग' हा तयार निबंध या पोराला शिकवायची माझी लायकी आहे का?

पात्रासाठी शांता शेळके यांची 'पैठणी' घेतली. त्यात आजी समोर येतच नाही. येते ती तिची पैठणी, फडताळातल्या गाठोड्याच्या तळाशी घडी घालून ठेवलेली. तिचा वास, तिचा स्पर्श, आजीनं ती कधी कधी नेसली ते दिवस, आणि तेवढ्यात आजी सगळी उभी राहते. पोरांना म्हटलं, तुमच्या घरच्या माणसाची एक वस्तू निवडा. माणसाबद्दल काही लिहायचं नाही, 'ते फार प्रेमळ व कष्टाळू आहेत' तर मुळीच नाही. वस्तूबद्दल लिहा.

विळा आला, काठी आली, शिलाई मशीन आली. एका पोरीनं टॉर्च घेतला. बापाचा. मोटरपंपाला लाइन रात्री येते, मग बाप रात्री पाणी द्यायला जातो. टॉर्चचं बटन बिघडलंय म्हणून त्यावर रबर गुंडाळलंय, आणि सेल संपत आले की बाप तो उन्हात ठेवतो. तिने एवढंच लिहिलं. रात्रीच्या विजेवर आपण सगळ्यांनी मोर्चे काढून झाले, निवेदनं देऊन झाली. त्या पाच ओळी वाचल्यावर मला वाटलं, निवेदनासोबत हा कागद जोडायला पाहिजे होता.

मोठ्या वर्गांसाठी नारायण सुर्वे आहेत. दहावीच्या कुमारभारतीत त्यांची 'दोन दिवस' आहे. आणि त्यांची ती दुसरी कविता, ज्यात एक बाई पोराचं नाव घालायला शाळेत मास्तरांकडे येते. कवी तिचं नाक-डोळे-साडी काहीच सांगत नाही. बाई फक्त बोलते. तिच्या बोलण्यातूनच ती कोण, कुठली, तिच्यावर काय गुदरलं हे सगळं कळतं. प्रत्येक शिक्षकानं ही कविता वर्षातून एकदा स्वतःसाठी वाचावी असं माझं मत आहे.

आता भाषेचं. कारण लाल गोल मुख्यतः भाषेवर पडले होते.

कोणी गैरसमज करून घेऊ नका, प्रमाण मराठी शिकवू नका असं मी म्हणत नाही. शिकवलीच पाहिजे. उद्या या पोरांना तलाठ्याकडे अर्ज लिहायचा आहे, स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत. पण आखणी करताना, पहिला कच्चा कागद लिहिताना पोराच्या तोंडात जे आहे तेच कागदावर येऊ द्या. आमच्या बोलीत 'डोळा'चा 'डोरा' होतो, 'पाणी'चं 'पानी' होतं. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्य घालून झाडीबोलीचा अभ्यास मांडला, तिची साहित्य संमेलनं होतात, आणि आमच्याच शाळांत तिच्यावर लाल पेन चालतो. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी १९५२ ला पुस्तकरूपानं आली, आज ती पाठ्यपुस्तकात आहेत, आपण त्यांचं रसग्रहण करायला लावतो आणि 'बोलीभाषेचा गोडवा' असं वाक्य पोरांकडून लिहून घेतो. त्याच पेपरात दोन पानं पुढे पोरगी 'मायच्या पायाले' लिहिते तर गुण कापतो. म्हणजे गोडवा मेलेल्या बाईच्या बोलीत आणि अशुद्धपणा जिवंत पोरीच्या बोलीत, हा कोणता न्याय?

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला होता. त्या दर्जाचं लाखांदूरच्या सातवीच्या वर्गात काय झालं, तेवढं कोणीतरी मला सांगा.

पहिला आक्षेप मला माहीत आहे, कारण तो माझ्याच सहकाऱ्यांनी घेतला. "सर, इथं पोरांना धड वाचता येत नाही, तुम्ही कवितेतून वातावरण काय काढता?" अहो, कविता ऐकायची गोष्ट आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला ऐकता येतं ना? माझ्या रविवारच्या वर्गात दोन पोरं अशी आहेत की जोडाक्षरं आली की थांबतात. 'याच्यात आवाजच नाही' म्हणणारा त्यांतलाच एक आहे. तो आखणी चित्रानं करतो. आणि स्वतः आखलेलं लिहायचं आहे म्हटल्यावर तो जोडाक्षरंही विचारतो, एरवी विचारत नव्हता.

दुसरा आक्षेप वेळेचा. हा खरा आहे. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराची नोंद, मतदार यादीचं काम, एका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग. यावर माझ्याकडे जादू नाही. पण निबंध फळ्यावर लिहून द्यायला एक तास जातो आणि पोरांनी उतरवून घ्यायला दुसरा. त्या दोन तासांत एक कविता आणि एक आखणी होते, मी घड्याळ लावून पाहिलं आहे.

तिसरा आक्षेप मार्कांचा, आणि पालक हाच घेतात. मग मार्कांचंच बोलू. दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या कृतिपत्रिकेत ८० पैकी २४ गुण उपयोजित लेखनाला आहेत. त्यात कथा आहे, प्रसंगलेखन आहे, आत्मकथन आहे. प्रसंगलेखन म्हणजे काय? एक जागा, एक वेळ, त्यात माणसं, आणि काय घडलं ते. विषय दरवर्षी बदलतो, म्हणून पाठ केलेलं तिथं उपयोगी पडतंच असं नाही. पोरं मग पाठ केलेल्या मोराला जबरदस्तीनं त्या प्रसंगात नाचवतात. आखणी यायला लागली तर विषय कोणताही आला तरी कागद कोरा राहत नाही. आणि ती सवय दहावीच्या जानेवारीत लागत नसते, पाचवी-सहावीत लागते.

राहिला प्रश्न तपासणाऱ्यांचा. हे थोडं कडवट आहे. साचेबंद निबंधाला साडेचार देणं सोपं असतं, डोळे न उघडता देता येतात. पोरीनं स्वतःचं लिहिलं की वाचावं लागतं, थांबावं लागतं, ठरवावं लागतं. दीड गुण हा त्या कष्टाचा राग आहे. मीही असे दीड दिले आहेत. ज्यांना दिले ती पोरं आता पंचविशीत आहेत, काही पुण्याला कंपनीत, काही इथंच ट्रॅक्टरवर. त्यांनी नंतर कधी स्वतःचं काही लिहिलं असेल असं मला वाटत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात, शिक्षण हक्क कायद्यानंच ते सांगितलंय. पुढच्या सभेत शौचालय आणि वॉल कंपाऊंडचा विषय झाला की एक काम करा. कोणत्याही एका वर्गाच्या निबंधाच्या पाच वह्या मागवा आणि शेजारी-शेजारी ठेवून वाचा. पाचही घरी भजी असतील तर गुरुजींना विचारा, भांडू नका, नुसतं विचारा. निबंध स्पर्धा घेणाऱ्या मंडळांनाही विनंती, बक्षीस देण्याआधी पोराला समोर बसवून विचारा, हे कुठलं आहे, तू कुठे उभा होतास?

त्या दीड गुणवाल्या पोरीचं सांगायचं राहिलं. तिला मी रविवारी बोलावलं. तोच निबंध पुन्हा घेतला, पण आधी आखणी. तिने जागा एकच ठेवली, अंगणातला पाय धुवायचा दगड. वेळ दिवस बुडतानाची. बांधीवरचा सगळा दिवस तिने त्या दगडावर बसलेल्या मायच्या अंगावरून सांगायचं ठरवलं, हातावरून, मेनकापडावरून, पायावरून. म्हणजे बांधी दिसणार नाही, पण कळणार. हे तिला मी सांगितलेलं नाही, ती 'पैठणी'च्या तासाला होती. पक्क्या कागदावर 'पायाला' आणि 'पाणी' केलं, मायच्या तोंडचं बोलणं तेवढं तसंच ठेवलं.

कागद तिने घरी मायला वाचून दाखवला. मायचं शिक्षण दुसरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी बाई मला चौकात भेटल्या. मला वाटलं आता काहीतरी छान म्हणतील. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पोरीनं चुकीचं लिवलं. पऱ्ह्याची पेंडी उजव्या हातात कोनी धरते का? डाव्या हातात धरतेत, उजव्यानं रोवतेत. मी तिले खोडाले लावलं." आणि मग म्हणाल्या, त्या दिवशी काच नव्हती, खेकड्याचं कवच होतं, तेही बदलायला सांगितलंय.

या रविवारी वर्ग नाही, समाजमंदिरात लग्न आहे. त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी तीनला. वही आणि पेन्सिल आणा.